मवाली, तोडफोड आणि कर्जतचा मांडव

मार्च 2022मध्ये धर्मेश परमार गेला, तेव्हा तो अवघा 24 वर्षांचा होता. नायगावच्या बीडीडी चाळीतला हा मुलगा ‘एमसी तोडफोड’ या नावानं गुजरातीत रॅप करायचा. तो गेल्यावर आलेल्या बहुतेक बातम्यांनी त्याची ओळख ‘गली बॉयमधला रॅपर’ अशी करून दिली. त्या सिनेमातल्या ‘इंडिया 91’ या गाण्यात त्याचा आवाज होता, हे खरं. पण त्या गाण्यात आणखी बरेच आवाज होते आणि त्याच्या वाट्याला आलेल्या मोजक्या ओळी म्हणजे काही त्याची कारकीर्द नव्हती. ती घडली ‘स्वदेसी’ या गटात. तिथे त्याच्या शेजारच्या माइकवर अनेकदा एमसी मवाली, म्हणजे अकलेश सुतार, उभा असायचा. एकाची गुजराती, दुसऱ्याची मराठी आणि हिंदी, मध्ये मुंबईची रस्त्यावरची भाषा.

‘स्वदेसी’ 2013च्या सुमारास मुंबईत उभा राहिला. गटात माणसं बरीच होती; अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे ‘100आरबीएच’ही त्यातलाच. तरी मवाली आणि तोडफोड ही जोडी वेगळी काढून पाहावी अशी आहे. या दोघांनी रॅपला इथल्या मातीत मुरवण्यासाठी घेतलेली मेहनत मराठी वाचकांपर्यंत फारशी पोचलेलीच नाही.

मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात हे दोघं कोन्नक्कोल शिकले. कोन्नक्कोल म्हणजे कर्नाटक संगीतातले तालाचे बोल तोंडानं म्हणण्याची विद्या. रॅपचा ठेका बहुधा चाराच्या हिशेबात चालतो. त्यावर ‘त क त कि ट’ असा पाच अक्षरांचा गट चालवला, की शब्दावरचा जोर दर खेपेला वेगळ्या जागी पडतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गडी चुकला. पण पाचाचे चार गट पुरे झाले की विसाव्या अक्षरानंतर शब्द आणि ठेका पुन्हा एकाच ठोक्यावर भेटतात. ते भेटणं अचूक जमलं की समोरच्या गर्दीची मान आपोआप हलते. हे हातावर टाळी आणि बोटं मोजत, तासन् तास घोकून येतं. ‘ही पोरं नुसती बडबडतात’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे पाच-चाराचं गणित तोंडानं म्हणून पाहावं.

दोघं असण्याचा एक फायदा असतो तो दमाचा. रॅपमध्ये ओळी इतक्या दाटीनं येतात की एकट्याला श्वास घ्यायला फट सापडत नाही. जोडीदार ओळीचा शेवटचा शब्द उचलून धरतो आणि तेवढ्यात पहिला श्वास भरून घेतो. शाहिरामागे उभे राहून ‘जी जी’ची साथ देणारे झीलकरी पाहिलेल्या मराठी माणसाला ही रीत समजावून सांगावी लागू नये. प्रतिस्पर्ध्याला पदातून सवाल टाकून गारद करणंही आपल्याला नवं नाही. कोकणातला शक्ती-तुरा आणखी काय करतो? परळच्या दामोदर नाट्यगृहात चाकरमान्यांनी तिकिटं काढून हे सामने पाहिलेत. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1973 साली डीजे कूल हर्कच्या पार्टीतून हिप हॉप सुरू झालं असं मानतात. ते तिथून आलं हे मान्य करूनही म्हणता येतं की इथे त्याला घर आधीपासून तयार होतं.

‘स्वदेसी’च्या कामातलं सर्वांत मोलाचं गाणं 2019चं: ‘द वारली रिव्होल्ट’. आरेच्या जंगलातल्या केलटीपाड्याचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ते केलं गेलं. जंगल, जमीन आणि मेट्रोची कारशेड हा त्याचा विषय. शहरातल्या पोरांनी पाड्यावर जाऊन नुसता एखादा आवाज ‘नमुना’ म्हणून उचलून आणला, असं इथे झालं नाही. ज्याचं जंगल, त्याचाच आवाज गाण्यात पुढे ठेवला. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरच्या रात्री आरेत झाडं तोडायला सुरुवात झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं 7 ऑक्टोबरला थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. गाण्यानं झाड वाचत नाही, हे खरं. पण त्या रात्री आरेकडे धावलेल्या तरुणांच्या पिढीला केलटीपाडा नावाची जागा आहे आणि तिथे माणसं राहतात, हे सांगण्यात त्या गाण्याचा वाटा होता. पुढच्या वर्षी, 2020मध्ये, ‘आझादी रेकॉर्ड्स’नं ‘स्वदेसी’चा ‘चेतावनी’ हा अल्बम काढला. मार्च 2022मध्ये तोडफोडचा स्वतःचा ‘ट्रुथ अँड बेस’ नुकताच आला होता. तेवढ्यात सगळं थांबलं.

अशा कामाची नोंद मराठी सांस्कृतिक जगानं केव्हा घ्यायची? एक तर सिनेमा आला तर, किंवा कलावंत गेला तर. तिसरा प्रसंग पोलिसांचा. एप्रिल 2023मध्ये राज्यातल्या सत्तांतरावर मराठीत रॅप करणाऱ्या राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्याच सुमारास उमेश खाडेवर त्याच्या गाण्यासाठी मुंबईत गुन्हा दाखल झाला. त्या आठवड्यात हे दोघं घराघरांत पोचले. नंतर त्यांनी काय लिहिलं, कुठे गायलं, याची विचारपूस कोणी केली नाही.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं; पुढे त्यांनाही सरकारी बंदी सोसावी लागली होती. आज त्यांच्या जयंत्या साजऱ्या होतात, त्यांच्या नावानं पुरस्कार दिले जातात. तो मान रास्तच आहे. मात्र सत्तेला तोंडावर सवाल करणाऱ्या आजच्या गाण्यासाठी आपल्याकडे ना मंच आहे, ना मानधन. गाण्यात शिव्या असतात, पोशाख परका असतो, असे आक्षेप येतात. शिवी खटकली तर जरूर टीका करावी. कलगी-तुऱ्याच्या फडातही श्रोत्यांनी पदं नापसंत केलेली आहेत. पण त्यासाठी आधी समोर बसून ऐकावं लागतं.

हे सगळं कर्जत-खालापूरच्या वाचकाला सांगण्याचं कारण आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. लाकडी बांधणीची हुबेहूब नक्कल दगडात उतरवलेलं हे चैत्यगृह इसवी सनाच्या आधीचं मानलं जातं. तिथे एका भग्न यक्षमूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मीत छोटासा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलाक याने हे केलं, एवढंच त्यात म्हटलंय. राजाचा उल्लेख नाही, सावकाराचा नाही. एक गुरू, एक शिष्य आणि त्यांचं काम. रॅपर आपल्या कडव्यात स्वतःचं नाव घेतो, तेव्हा तोही हेच सांगत असतो: हे मी केलंय, माझ्या नावावर मांडा. ‘गली बॉयमधला रॅपर’ या तीन शब्दांनी तोडफोडचं तेवढंही राहू दिलं नाही.

आणि या खोऱ्यात गाण्याजोगं काय कमी आहे? कोंडाणे धरणाचं प्रकरण 2012च्या सुमारास सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत राज्यभर गाजलं. पुढे तेच धरण नवी मुंबईची तहान भागवण्यासाठी सिडकोकडे गेलं. पाणी इथलं, डोंगर इथला, नळ तिकडचा. डोंगरउतारावरची शेतं एकेक करून फार्महाऊसच्या कुंपणात गेली. शेजारच्या खालापुरात 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं बेपत्ता राहिली. ठाकर आदिवासींची ती वाडी होती. महिनाभर कॅमेरे आले, मग गेले. त्या वाडीची गोष्ट तिथल्याच बोलीत, तिथल्याच कोणी मुलानं किंवा मुलीनं ठेक्यावर सांगितली, तर ती अहवालांपेक्षा जास्त काळ टिकेल. भोईर आणि ‘स्वदेसी’ यांनी आरेत जे केलं, ते ठाकर आणि कातकरी वाड्यांत का होऊ नये?

होत नाही, कारण पैशाचं गणित जुळत नाही. गाणं इंटरनेटवर फुकट ऐकलं जातं. पोट भरतं ते कार्यक्रमांवर. दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या दोघांच्या जोडीचा ‘बयान’ हा अल्बम 2018मध्ये एका छोट्या कंपनीनं काढला आणि तिकीट काढून येणारा श्रोता त्यांनी पुढे वर्षानुवर्षं जमवला. मराठीत श्रोता नाही, असं तर मुळीच नाही. 2024मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ हे गाणं हॉलंडच्या कंपनीनं काढलं आणि मराठी न कळणारेही त्यावर नाचले. कमी आहे ती जवळच्या, छोट्या, पण पैसे देणाऱ्या मंचांची.

तो मंच तालुक्यात आधीच बांधलेला असतो. कर्जत, नेरळ, खोपोलीत गणपती-नवरात्रीचे मांडव पडतात, ऑर्केस्ट्रा येतो, डीजेच्या भिंती लागतात आणि त्यांना बिदागीही मिळते. त्यातली एक संध्याकाळ स्थानिक रॅपरना द्यावी. दोन माइक, ठेका वाजवणारा एक लॅपटॉप आणि आवाजाची नीट तपासणी करणारा एक माणूस, एवढाच सरंजाम लागतो. फलकावर त्यांची नावं त्यांनी घेतलेल्या रूपातच छापावीत, मवाली असेल तर मवाली. गाणं आधी वाचून मंजूर करण्याची अट घालू नये.

याहून एक धीट पाऊलही टाकता येईल. माथेरानचे भाई कोतवाल यांनी 1942मध्ये आझाद दस्ता उभारला, भूमिगत राहून मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 रोजी हिराजी पाटील यांच्यासह सिद्धगडावर प्राण दिले. या दोघांची आठवण परिसरातली माणसं अजून मनापासून जागवतात. पुढच्या 2 जानेवारीला, पोवाडा झाल्यावर, तालुक्यातल्या एखाद्या जोडीला अर्धा तास द्यावा. विषय त्यांनीच निवडावा, मग ते धरण असो की इर्शाळवाडी, आणि मानधन शाहिराइतकंच असावं.