मर्दनाची खोली : जोराची की काळाची?

मान, खांदे व पाठ आखडल्याची तक्रार घेऊन येणारे अनेक रुग्ण हल्ली आम्हां वैद्यांकडे ‘डीप टिश्यू मसाज’ असे नाव घेऊनच येतात. जितके अधिक दुखेल तितका अधिक गुण येईल, अशी त्यांची समजूत असते. रुग्णाची ही समजूत क्षम्य आहे. परंतु आपल्यापैकी काहींच्या चिकित्सालयांच्या फलकांवरही तीच भाषा दिसू लागली आहे, याचा गांभीर्याने विचार व्हावयास हवा.

मांसधातूपर्यंत पोहोचण्याचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २४व्या अध्यायावरील टीकेत डल्हणाचार्यांनी अभ्यंगातील स्नेहाचा प्रवास मात्रांमध्ये सांगितला आहे. ३०० मात्रांत रोममूळ, ४०० मात्रांत त्वचा, ५०० मात्रांत रक्त, ६०० मात्रांत मांस आणि याच क्रमाने ९०० मात्रांत मज्जा. मात्रा म्हणजे पापणी लवण्याइतका काळ. हा हिशेब घड्याळ लावून पडताळण्याचा नव्हे. त्यामागील दृष्टी महत्त्वाची आहे. येथे खोली मोजली आहे ती काळाने, जोराने नव्हे. वाग्भटाचार्यांनीही व्यायामानंतर सर्वांगाचे मर्दन सांगताना ते देहाला सुखकर असावे, अशीच अपेक्षा ठेवली आहे.

अनुभवही हेच सांगतो. दाब असह्य झाला की रुग्ण श्वास रोखतो, अंग ताठ करतो आणि जी पेशी सैल करावयाची तीच अधिक आवळली जाते. याउलट, कोमट तिळतेल सावकाश जिरवून प्रथम तळहाताने विस्तृत भाग मोकळा करावा. मग आखडलेल्या जागी अंगठा ठेवून रुग्णाच्या उच्छ्वासाबरोबर हळूहळू दाब वाढवावा व तेथेच थोडे थांबावे. शेवटी मृदु स्वेदन द्यावे. या क्रमाने गेल्यास पेशी आपण होऊन वाट देते.

कोल्हापूरच्या तालमींतील मालीश जोरकस असते आणि केरळच्या कळरी परंपरेत दोरीचा आधार घेऊन पायांनीही मर्दन करतात, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. परंतु ते मर्दन व्यायामाने घडलेल्या, बलवान देहांसाठी आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या, अल्पबल, मधुमेही किंवा वयोवृद्ध रुग्णास तोच जोर लावणे म्हणजे रोगी-बल परीक्षेलाच फाटा देणे होय.

यातील धोका काल्पनिक नाही. सुश्रुताचार्यांनी १०७ मर्मांपैकी ११ मांसमर्मे सांगितली असून पोटरीच्या मध्यावरील इंद्रबस्ति हे त्यांतील एक. एकाच पायाची पोटरी सुजलेली, उष्ण व दुखरी असेल, तर खोल नीलेत रक्ताची गुठळी असू शकते; तेथील मर्दनाने ती सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. अशा रुग्णास हात न लावता तातडीने तपासणीसाठी पाठवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, ठिसूळ हाडांचे, कर्करोगाचा इतिहास असणारे यांना खोल दाब देऊ नये. अतिदाबाने पेशी विदीर्ण होऊन वृक्कांना इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. शिवाय, आखडणे साम असेल तर अभ्यंगच वर्ज्य. तेथे लंघन, दीपन व वालुकास्वेदासारखा रूक्ष स्वेदच योग्य. नवज्वर व अजीर्ण यांतही अभ्यंगाचा निषेध आहे.

औषधविक्रेत्या बंधूंचा वाटाही येथे मोठा आहे. ‘अंगदुखीचे तेल द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास सूज, ताप, जखम आहे का, एवढे तरी विचारावे. विषगर्भ तैलात वत्सनाभासारखी विषद्रव्ये असल्याने ते फुटलेल्या त्वचेवर चोळावयाचे नाही, हे सांगितल्याखेरीज बाटली हाती देऊ नये.

आमचे म्हणणे इतकेच की, मर्दन हे परिचारकाच्या हातून होत असले तरी त्याची निश्चिती वैद्यानेच करावी. रुग्णाची नाडी, जिव्हा व कोष्ठ पाहून, तो घेत असलेली औषधे विचारून, कोणत्या भागावर, कोणते तेल, किती वेळ व किती दाब हे त्याच्या पत्रकावर लिहून द्यावे. मर्दन चालू असताना रुग्णाने ‘पुरे’ म्हटले की हात थांबलाच पाहिजे, हेही परिचारकास शिकवावे. फलकावर कोणते नाव लिहावयाचे, हा प्रश्न त्यानंतरचा.