बोनसच्या दिवशी गेटवर

या अंकाचा विषय ‘कामाची जागा’ ठरला, तेव्हा मला भोसरीतलं एक गेट आठवलं. बोनसच्या दिवशी वडिलांच्या कारखान्याबाहेर चार-पाच बायका हमखास उभ्या असत. नवऱ्याचं पाकीट गुत्त्याच्या आधी आपल्या हाती यावं म्हणून. त्यातल्या एक काकू आमच्याच चाळीतल्या. काका लेथवर होते. हात सोन्याचा, पण सोमवारचा खाडा ठरलेला. दोस्त त्यांचं कार्ड पंच करायचे, सुपरवायझर सांभाळून घ्यायचा. अशी सहा वर्षं गेली. मग एका रात्रपाळीला काका पिऊन आले आणि फोरमनला मारलं. चार्जशीट, चौकशी, बडतर्फी, सगळं तीन महिन्यांत उरकलं. त्या दिवाळीत काकू गेटवर नव्हत्या. आवारात मारहाण केली म्हणून बडतर्फ झालेल्याचा बोनसचा हक्कही कायद्याने जातो.

बडतर्फीला मी चूक म्हणणार नाही. लेथच्या फिरत्या चकापाशी प्यालेला माणूस उभा राहिला, तर शेजाऱ्याचीही बोटं जातात. माझा राग आहे तो आधीच्या सहा वर्षांवर. त्या सांभाळून घेण्याला माया म्हणायला मी तयार नाही.

कामावर पिऊन धिंगाणा घालणं स्थायी आदेशांनुसार, म्हणजे कारखान्याच्या सेवानियमांनुसार, गैरवर्तन आहे. रजेविना दहा दिवसांहून जास्त गैरहजर राहणं, हेही. दुसरीकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्था आजारात धरल्या आहेत. एकच माणूस एका कायद्यात दोषी, दुसऱ्यात रुग्ण. आणि दोन्ही खरं आहे. पुण्यात १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी उपचाराला काही आठवडे राहावं लागतं. रजा मंजूर नसेल, तर बरा होऊन परतलेल्या माणसाच्या हाती चार्जशीट पडू शकते.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पहिल्या काही खाड्यांनंतरच साहेबाने माणसाला समोर बसवावं, युनियनच्या प्रतिनिधीलाही बोलवावं आणि उपचाराची रजा लेखी मंजूर करावी. परतल्यावर काम कोणत्या अटींवर, तेही त्याच कागदावर असावं. मालकाने असं केलंच पाहिजे, अशी सक्ती स्थायी आदेशांत नाही. पण आडकाठीही नाही. त्यानंतरही तो मशीनवर पिऊन आला, तर चौकशी खुशाल व्हावी.

काका उपचाराला गेले ते नोकरी गेल्यावर दोन वर्षांनी. दारू सुटली. पुढची सगळी वर्षं त्यांनी एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली.