अंगणातील हिरवळ कोणाच्या हाती द्यावी?

लोधीखेड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नव्या घरापुढे वीस फूट लांब व तेवढीच रुंद मोकळी जागा असून तीत हिरवळ लावावी, असा मुलाचा आग्रह आहे. कोपऱ्यात सासऱ्यांनी लावलेले संत्र्याचे झाड आहे. नागपूरची एक बागकाम करणारी मंडळी दरमहा ठराविक रक्कम घेऊन सारे पाहावयास तयार आहे. सासऱ्यांचे म्हणणे असे की, आपल्या बगीच्यात वर्षानुवर्षे राबलेला माणूस असता परक्याला पैसे कशाला? ‘आपण काय सांगाल?’ असे भगिनी विचारतात.

प्रथम पाण्याचा हिशेब मांडावा. चारशे चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यावयाचे म्हटले, तर रोज १८५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या. मे महिन्यात विहीर खोल गेलेली असताना एवढे पाणी गवताला घालण्याची मनाची तयारी आहे काय? नसेल तर जागा निम्मी करावी आणि उरलेल्या अर्ध्यात मोगरा, अबोली, कढीलिंब लावावा. माझे मत विचाराल तर निम्मीच बरी.

आता गवत. रोपवाटिकेत ‘बर्म्युडा’ म्हणून विकले जाते ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. कपाशीतून आणि संत्र्याच्या बगीच्यातून जी उपटून काढण्यासाठी शेतकऱ्याची पाठ मोडते, तीच पैसे देऊन अंगणात लावावयाची! सासऱ्यांच्या माणसाला ही कल्पना रुचणे कठीण आहे. तो हरळीला शत्रू मानत आला. तिला दर आठवड्यास कातरून जोपासावयाचे, हे त्याला शिकवावे लागेल. एका वेळी पात्याचा तिसरा हिस्साच कापावा आणि यंत्राचे पाते धारदार असावे, एवढे त्याने मनावर घेतले तरी पुष्कळ झाले. असे यंत्र १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग याने काढले, ते कापडावरील लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचून. बोथट पात्याने गवत फाटते व त्याची टोके वाळून पांढरी पडतात.

परंतु शहरातील मंडळींना जे कदाचित ठाऊक नसेल, ते या माणसाला पक्के ठाऊक आहे. आंबिया बहरासाठी संत्र्याचे पाणी हिवाळ्यात तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हिरवळीला तर त्या दिवसांतही थोडेफार पाणी हवे. शिवाय काळ्या जमिनीत बुंध्याशी सतत ओल राहिली की डिंक्या रोग लागतो, साल तडकून डिंक वाहू लागतो आणि झाड हातचे जाते. तेव्हा हिरवळ झाडाच्या घेरापासून दूर थांबवावी व मध्ये मातीचा बांध घालावा. मासिक सेवा देणाऱ्यांस पहिला प्रश्न हाच विचारावा: “या झाडाचे काय कराल?” ‘काही काळजी करू नका’ एवढेच उत्तर आले, तर त्यांना चहा पाजून निरोप द्यावा.

उत्तर समाधानकारक असेल तर पुढचे बोलणे कागदावर करावे. पावसाळ्यात गवत भराभर वाढते, थंडीत हरळी पिवळसर पडून वाढ मंदावते. मग बारा महिने सारखीच रक्कम का द्यावी? एक तर फेरीगणिक पैसे ठरवावेत, नाही तर हिवाळ्यात कडा छाटणे, खत पसरणे अशी कामे नेमून घ्यावीत. शेणखत पूर्ण कुजलेलेच आणावे, हे स्पष्ट लिहावे. कच्च्या खताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात, मुळे खातात, आणि गवत सतरंजीसारखे हाताने उचलून येते.

तणनाशकाचे कलम मात्र सर्वांत जपून लिहावे. ग्लायफोसेट हे औषध तण आणि हिरवळ असा भेद करीत नाही, दोन्ही जाळते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या वापरावर बंधन घालून ते कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरतेच मर्यादित केले. एवढ्याशा जागेत त्याची गरजही नाही, खुरपे पुरते. गाजरगवत मात्र उघड्या हाताने उपटू देऊ नये, त्याने कातडीला खाज व फोड येतात. माळी आपला असो वा नागपूरचा, हातमोजे घरधन्याने द्यावेत.

माझा कौल सासऱ्यांच्या माणसाकडे झुकतो, पण एका अटीवर. जुना माणूस म्हणून त्याला घरच्या इतर कामांत फुकट जुंपू नये. बगीच्यातील मजुरीइतका दर त्याला अंगणातही मिळावा आणि यंत्र घरचे असावे. सुरुवातीला दोन-तीन वेळा नागपूरच्या मंडळींना मोबदला देऊन बोलवावे व कापणी त्याच्यासमोर करून घ्यावी.

आणि तुळशीजवळचा हातभर तुकडा कापणी-फवारणीतून वगळावा. भाद्रपदात एकवीस दूर्वांची जुडी तिथूनच खुडता येईल.