हार कोणाच्या गळ्यात?



मार्चमध्ये आमच्या गावात पावती पुस्तक फिरले. महसूल खात्याचे एक साहेब निवृत्त होणार, त्यांचा सत्कार, घरटी दोनशे रुपये. कापूस तेव्हाच घरातून गेला होता आणि त्याचे पैसे सोसायटी व कृषी केंद्रवाला यांनी वाटून घेतले होते. तरी आम्ही पावती फाडली. जाणारा साहेब येणाऱ्या साहेबाच्या कानात काय सांगून जाईल याचा नेम नाही, म्हणून फाडली.

मंडप पडला, शाल-श्रीफळ झाले, पुढाऱ्यांनी सेवेचे गोडवे गायले. सेवा पगार घेऊन झाली, विश्रांती पेन्शन घेऊन होईल. होवो बापडी. आमचे लक्ष मंडपामागे पाण्याचा पिंप भरणाऱ्या माणसाकडे होते. तो गावचा कोतवाल.

तलाठी किती आले-गेले, आम्हाला मोजता येत नाहीत. कोतवाल तीस वर्षे एकच. दवंडी त्याची, दप्तराचे ओझे त्याच्या खांद्यावर, कोणाचा बांध कुठे संपतो हे नकाशाआधी त्याला ठाऊक. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली, तेव्हा आमच्याकडचे पंचनामे चावडीत बसूनच उरकायचा बेत होता. हाच माणूस आडवा झाला. पंचांना शिवारात नेले, किडकी बोंडे फोडून दाखवली. त्याबद्दल त्याला बोलणी बसली ती वेगळीच.

कोणी म्हणेल, जप्तीची नोटीसही त्यानेच आणली. आणली. पण आदल्या रात्री सांगून आणली.

या माणसाला सरकार काय देते? पगार नाही, मानधन. चतुर्थ श्रेणी द्या म्हणून कोतवाल वर्षानुवर्षे मोर्चे काढतात. २०२५ साली सरकारने नाव बदलून 'महसूल सेवक' केले. नावाने चूल पेटत नाही. चोवीस तास राबवायला तो सरकारी माणूस, आणि पेन्शनची वेळ आली की सरकार त्याला ओळखत नाही. आपल्या कापसाशी सरकार याहून वेगळे काय वागले?

शाळेने लावलेल्या १ जूनच्या जन्मतारखेप्रमाणे (आपल्यातल्या निम्म्यांची तीच आहे) या ३१ मे रोजी तो घरी बसेल. त्याच्यासाठी पावती पुस्तक निघालेले नाही.

बैठकीत एकाने सुचवले, घरटी पायलीभर ज्वारी देऊ. मन चांगले, पण आम्ही नको म्हटले. महार समाजाला वतनाच्या नावाखाली खळ्यावरच्या धान्यावर राबवायची रीत याच गावांनी चालवली. ती मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. तीच पायली पुन्हा त्याच्या पदरात घालून वर सत्कार केला म्हणायचे?

तेव्हा ठरले ते असे. साहेबांना दिले तेच घरटी दोनशे, पाकिटात, त्याच्या हाती. कोतवालांना चतुर्थ श्रेणी आणि पेन्शन मिळावी असा ठराव मेच्या ग्रामसभेत घ्यायचा आणि ३१ तारखेला सकाळी त्याला पुढे घालून सगळ्यांनी तहसिलीवर जायचे. पेरणीपूर्वीची वखरणी एक दिवस थांबेल. इतर गावांनीही आपापल्या कोतवालाची तारीख विचारून ठेवावी.

संध्याकाळी चावडीपुढे कार्यक्रम. निवृत्त साहेबांनाही आमंत्रण आहे, त्यांची खुर्ची मांडू. पाण्याचा पिंप आम्ही भरू.