कोयते मोजतो, पोरं कोण मोजणार?

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात भात नि नाचणी; आपल्यासारखे उसाचे फड तिकडे नाहीत. मग आपल्या पत्रकात म्हसळ्याचे नाव कशाला, असे सभासद बंधू विचारतील. कारण दुखणे एकच आहे. तिकडच्या कातकरी वाड्यांवरची पोरं जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात, दुपारची खिचडी खातात, पाढे म्हणतात. भातकापणी उरकली की आईबाप वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघतात आणि पोरंही त्यांच्यामागं. गुरुजी हजेरी घेतात तेव्हा ओ द्यायला कोण असतं? मग वरून विचारणा, पट कमी का? २०२३ साली तर राज्यात वीसच्या आतल्या पटाच्या शाळा मिळून समूहशाळा करायचा विचार निघाला. सहा वर्षांचं पोर रोज डोंगर उतरून लांबच्या शाळेत जाईल, हे आम्हांस काही खरे वाटत नाही.

आता आपल्याकडे पाहा. गाळप सुरू झाले की टोळ्या येतात, कोप्या पडतात. फडात वाढे गोळा करणारी पोरं कुठल्या तरी शाळेच्या पटावरचीच ना? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हंगामाच्या मध्यावरसुद्धा नाही. मुकादमाला उचल देताना कोयते मोजले जातात. पोरं किती, हे कुणी विचारीत नाही. यंदा गट ऑफिसने टोळीच्या यादीत पोरांचा एक रकाना घालावा, आणि ज्याच्या रानात कोप्या पडतील त्या सभासदाने आठवड्याच्या आत गावच्या गुरुजींना निरोप धाडावा.