खरखर कोणाची?

मंडळी, मी मराठी घेऊन बी.ए. झालेला निवृत्त मास्तर. तरी आज यंत्राविषयी लिहितो आहे, कारण परवा पुतण्याशी वाद झाला. तो इंजिनिअर. रेडिओच्या खरखरीची मी तक्रार केली तर म्हणाला, "नाना, आता सगळं फिल्टर होतं. गोंगाटाची काळजी कशाला करता?"

मला हे साफ अमान्य आहे.

धुळ्याला नोकरीत असताना आम्ही जळगाव आकाशवाणी लावायचो, मध्यम लहरींवर, ९६३ किलोहर्ट्झ. खरखर आली की रेडिओ जरासा फिरवायचा, ऐकायचं, पुन्हा जरासा फिरवायचा. आतल्या अँटेनाला एका दिशेचं जवळजवळ ऐकूच येत नाही. ती बाजू खरखरीकडे वळली की आवाज मोकळा. जास्त फिरवलं तर केंद्रच जायचं.

पुतण्याचा 'अडॅप्टिव्ह फिल्टर' हेच करतो. चूक मोजायची, थोडं सुधारायचं, पुन्हा मोजायचं. १९६० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी ही रीत सोप्या गणितात बसवली. पाऊल फार मोठं टाकलं तर यंत्र भरकटतं, फार लहान टाकलं तर बदलत्या लहरींच्या मागे पडतं.

पण चूक मोजायला बरोबर उत्तर ठाऊक हवं ना? टूजी मोबाईल आपलं बोलणं १४८ बिटांच्या तुकड्यांनी पाठवतो. त्यातली मधली २६ बिटं ऐकणाऱ्या यंत्राला आधीच पाठ असतात. ती कशी बिघडून आली हे पाहून ते बाकीची दुरुस्त करतं. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून वह्या तपासाव्यात, तसं.

जुन्या रेडिओच्या प्रसारणात असा पाठ नसतो. आणि गोंगाट इतका वाढला की पाठ केलेलंही ओळखू येईना, तर मोबाईलचा फिल्टर तरी काय करणार?

आता ही खरखर येते कुठून? रात्री रेडिओ हातात घेऊन घरभर फिरा. स्वस्तातला एलईडी दिवा, चार्जर एकेक बंद करून बघा. त्यांच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा उपद्रव मध्यम लहरींपर्यंत पोचतो. तो अडवणारे दोन-चार सुटे भाग असतात, पण स्वस्त मालात पैसे वाचवायला तेच गाळतात. म्हणजे बनवणाऱ्याने चार रुपये वाचवायचे आणि रावेरकडच्या केळीवाल्याने वादळाची सूचना खरखरीत शोधायची! वर त्यालाच सांगायचं, नवा महागडा सेट घे.

वर्गात गलका झाला तर मी मागच्या बाकावरच्या पोराचे कान तपासायला पाठवत नसे. आधी गलका करणाऱ्यांना उभं करत असे. फिल्टर जरूर बनवा, हुशारीचं काम आहे ते. पण दिवा विकायला येण्याआधी त्याची खरखर मोजली गेली पाहिजे, आणि नापास झाला तर तो परत गेला पाहिजे.

पुतण्या अजून हसतोच आहे. तुम्ही मात्र तो दिवा एकदा बंद करून बघाच.