घरपट्टीचा बोजा आणि घराची विक्री

वडिलार्जित घर विकावयाचें ठरलें कीं, कुटुंबांतलीं बोलणीं बहुधा किंमत आणि वांटे ह्या दोन गोष्टींभोंवतीं फिरतात. घरपट्टीच्या थकबाकीचें नांव कोणी काढीत नाहीं, आणि खरेदीखताच्या ऐन वेळीं तीच आडवी येते.

वाण्याची उधारी माणसावर असते. घरपट्टीचा बोजा घरावर बसतो. महाराष्ट्रांतील महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्याचें १४१ वें कलम आणि मुंबईपुरतें १८८८ च्या कायद्याचें २१२ वें कलम असें सांगतें कीं, सरकारी जमीनमहसूल वगळतां, मिळकतीवर पहिला बोजा ह्या कराचा. सहा वांटेकऱ्यांपैकीं पांचांनीं आपापला हिस्सा भरला व सहाव्यानें भरला नाहीं, तरी पालिकेच्या लेखीं थकबाकी साऱ्या घराची. शिवाय थकलेल्या करावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. एक लाख रुपये वर्षभर थकले, तर शास्तीच चोवीस हजार होते.

हा बोजा दस्तांत दिसत नाहीं, हें विशेष लक्षांत ठेवावें. नोंदलेलें गहाणखत वकिलाच्या शोधांत सांपडतें. कराचा बोजा कायद्यानेंच उत्पन्न होत असल्यामुळें त्याचा पत्ता पालिकेच्या करखात्यांतच लागतो. म्हणून घर घेणारानें थकबाकी नसल्याचा दाखला आधीं मागावा. जुनें कर्ज दुसऱ्या बँकेकडे नेऊं पाहणारासही हीच अडचण येते. आपल्या गहाणापुढें दुसऱ्याचा हक्क उभा असलेला कोणत्याच बँकेला रुचत नाहीं.

घेणारास कायद्यानें कांहीं आसरा दिला आहे. १८८२ च्या मिळकत-हस्तांतर कायद्याच्या १०० व्या कलमाप्रमाणें, ज्यानें मोल देऊन व बोजाची खबर नसतांना मिळकत घेतली, त्याच्यावर सामान्यतः असा बोजा बजावतां येत नाहीं. अहमदाबाद महानगरपालिकेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७१ सालीं कोर्टाच्या लिलावांत मिळकत घेणाराच्या बाजूनें ह्याच मुद्द्यावर निकाल दिला. तथापि त्यावर विसंबूं नये. ज्यानें चौकशी जाणूनबुजून टाळली, त्याला खबर होतीच असें कायदा धरून चालतो.

थकबाकी असलेलें घर विकतांच येत नाहीं, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. त्याच कायद्याचें ५५ वें कलम वाट दाखवितें. विक्रीच्या दिवसापर्यंतचा कर विकणाराचा, पुढचा घेणाराचा. आणि घर निर्वेध म्हणून विकलें असेल, तर बोजाची रक्कम किंमतींतून राखून ती ज्याची त्याला पोंचविण्याची मुभा घेणारास आहे. तेव्हां शास्तीसह आंकडा पालिकेकडून लेखी आणावा, खरेदीखतांत नमूद करावा, तेवढी रक्कम घेणारानें परस्पर पालिकेंत भरावी, आणि उरलेल्या किंमतीचे वांटे करावे. नंतर तीन महिन्यांच्या आंत हस्तांतराची लेखी खबर दोघांनींही पालिकेस द्यावी. तें राहिलें, तर विकणाराच्या मागची कराची जबाबदारी सुटत नाहीं.

खरी कठीण गोष्ट घरांतली आहे. एक बंधु वाड्यांत राहतो, दुसरा नोकरीनिमित्त परगांवीं, बहीण सासरीं. राहणारा म्हणतो, घर सर्वांचें, मीं एकट्यानें कां भरावें? दूरचा म्हणतो, जो वापरतो त्यानें भरावें. दोघांचेंही म्हणणें अगदींच चूक नाहीं. परंतु तें परस्परांस कोणी स्पष्ट सांगत नाहीं, आणि शास्ती मात्र चढत राहते. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलींनाही मुलांप्रमाणें हक्क आहे. तेव्हां हा हिशेब बहिणींना वगळून होणार नाहीं. ज्यानें वर्षानुवर्षें सर्वांच्या वतीनें पट्टी भरली, त्याला इतरांच्या वांट्याची रक्कम मागण्यास १८७२ च्या करार-कायद्याच्या ६९ व्या कलमाचा आधार आहे. पण भावानें भावाला कलम दाखविण्याची पाळी येऊं नये, हेंच बरें.

दिवाळीला सारीं माणसें एकत्र जमतात. त्या वेळीं घरांतील कर्त्या माणसानें पावत्यांची पिशवी काढून कोणीं किती भरलें, किती राहिलें, हें सर्वांसमक्ष एका वहींत उतरवून ठेवावें. मग विक्रीचा विचार असो वा नसो.